ब्लोहोलला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नव्हती

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कारखाने डिजिटल करण्याबद्दल अधूनमधून छापून येतं, मशीन, सबसिडी, एआय वगैरे, पण सॉफ्टवेअर घेतल्यावर स्टोअरमधल्या माणसाचं काय होतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका छोट्या मशीन शॉपमध्ये १४ वर्षं स्टोअर आणि डिस्पॅच बघतो. कॉम्प्युटर शिकलेला नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तीनेक वर्षांपूर्वी मालकांनी सॉफ्टवेअर घेतलं. डेमो झकास झाला. ऑर्डर आली, माल आला, पास झाला, मशिनिंग झालं, बिल निघालं, दहा मिनिटांत सगळं. डेमोमध्ये सगळेच पीस पास होतात हो. आमच्याकडं फाउंड्रीतनं हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉडीची कास्टिंग येतात, ती आल्यावर आम्ही वरून बघतो, माप बघतो आणि पास करतो, पण कास्टिंगच्या पोटातलं ब्लोहोल, म्हणजे धातू ओतताना आत राहिलेली पोकळी, बोअर मारल्याशिवाय दिसतच नाही. म्हणजे ५० नग पास करून घेतले, एंट्री झाली, अकाउंटला फाउंड्रीचं बिलपण पास झालं आणि चार दिवसांनी मशीनवर ७ नगात भोकं निघाली. आता हे ७ दाखवायचे कुठं? सॉफ्टवेअरमध्ये पास की रिजेक्ट हा प्रश्न एकदाच, गेटवर माल आत घेताना. त्यानंतर तोंड बंद. मग मी एक लाल वही केली, त्यात खरा हिशेब, आणि कॉम्प्युटरमध्ये आपलं जमेल तसं. महिनाअखेरीला स्टॉक जुळायचा नाही आणि बोलणी खायला मी.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, तुम्ही सांगितलंच नव्हतं. खरं होतं ते! आम्हाला त्यानं विचारलं होतं स्क्रीन कुठल्या पाहिजेत, रिपोर्ट कुठले पाहिजेत. काम कसं चालतं हे ना त्यानं विचारलं ना आम्ही सांगितलं.

माझी पुतणी कॉम्प्युटर सायन्सला आहे, इथल्याच व्हीटीयूच्या कॉलेजात. दिवाळीत घरी मी रडगाणं लावलं तर दुसऱ्या दिवशी शॉपवरच आली, जुन्या कॅलेंडरचा मागचा कोरा कागद घेऊन. आडवे पट्टे मारले, एक स्टोअरचा, एक मशीनचा, एक इन्स्पेक्शनचा, एक अकाउंटचा. फाउंड्रीचा वेगळा, बाहेरचा, कारण त्यांच्या आत काय चालतं त्यावर आपला ताबा नाही, फक्त चलन, म्हणजे मालाबरोबरची चिठ्ठी, जाणार-येणार, तेवढं तुटक रेघेनं. कामाला डबा, निर्णयाला शंकरपाळ्यासारखा चौकोन. आणि प्रत्येक डब्यापाशी एकच प्रश्न, "काका, आणि असं नाही झालं तर?" अर्ध्या तासात डोकं उठलं माझं. पण सात ब्लोहोलवाल्यांची वाट त्या प्रश्नातनंच कागदावर आली, की मशीननंतर दुसरा शंकरपाळा, तिथनं मागं स्टोअरला, तिथनं फाउंड्रीला परतीचं चलन आणि अकाउंटला डेबिट नोट, म्हणजे फाउंड्रीच्या बिलातनं तेवढे पैसे कापायचा कागद.

कामाची वाट चित्रात मांडायच्या या पद्धतीला बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) म्हणतात म्हणे. २००४ मध्ये पहिल्यांदा आलं, २०११ ला दुसरी आवृत्ती, २०१३ ला आयएसओ स्टँडर्ड. आणि कल्पना तर त्याच्या कितीतरी आधीची, गिलब्रेथ नावाच्या नवराबायकोनं १९२१ मध्ये अमेरिकेत कामाच्या पायऱ्यांचा असा चार्ट मांडला, तोही मेकॅनिकल इंजिनियरांच्या सभेत. म्हणजे मूळ आपल्याच धंद्यातलं, कॉम्प्युटरवाल्यांकडं नंतर गेलं.

गंमत पुढं आहे. कागद मशीनवर नेऊन ठेवला. आमचा ऑपरेटर कानडी, मराठी समजतं पण बोलायला लाजतो, ऑफिसच्या मीटिंगला तर कधीच तोंड उघडत नाही. कागदावर आमच्या दुसऱ्या कामाची, शाफ्टची, पण वाट काढली होती. त्यानं त्या शाफ्टच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इल्ली वापस बरतद री." इथं परत येतंय. हार्डनिंग करून, म्हणजे तापवून कडक करून आलेल्या शाफ्टला कधीकधी बाक येतो, तो ग्राइंडिंगच्या आधी प्रेसवर सरळ करायला लागतो, आणि हे काम तो कितीतरी वर्षं करत होता, पण मालकांच्या हिशेबात नाही, कॉस्टिंगमध्ये नाही, मलापण निम्मंच ठाऊक. स्क्रीनवर इंग्लिश, मालक मराठी, ऑपरेटर कानडी, आमच्या भागात हे असंच, पण चित्र तिघांना कळलं.

आता मुद्द्याचं. नुसतं चित्र काढून भिंतीला लावलं तर ते कॅलेंडरच राहणार. पुतणीनं पुढं काय केलं ते महत्त्वाचं. पट्टा म्हणजे लॉगिन, कुणाला काय दिसायचं ते त्यावरनं. शंकरपाळा म्हणजे नियम, तो प्रोग्राममध्ये कुठंतरी पुरून ठेवायचा नाही, कारण हार्डनेस किती पाहिजे हे गिऱ्हाइकागणिक बदलतं. डब्यांतपण प्रकार. हाताचं चिन्ह असलेला डबा म्हणजे नुसतं हातानं करायचं काम, त्याला स्क्रीन नको. माणसाचं चिन्ह म्हणजे माणूस स्क्रीनवर भरणार. दातेरी चाकाचं चिन्ह म्हणजे सिस्टीमनं आपणहून करायचं. आमच्याकडं आधी उलटं होतं, गाडीत माल चढवला याला स्क्रीन होती आणि ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, मी वेगळं बसून टाईप करत होतो.

आणि घड्याळाचं चिन्ह, ते तर आमच्यासाठीच केलंय असं वाटलं. आमचे शाफ्ट हार्डनिंगला शिरोलीला जातात, कोगनोळीच्या पुढं, म्हणजे महाराष्ट्रात. बेळगावातल्या बेळगावात दिले असते तर गोष्ट वेगळी, पण राज्याची हद्द ओलांडून जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडनं काम करून घ्यायला, माल गेला की किंमत ५० हजारांच्या खाली असली तरी ई-वे बिल लागतंच. शिवाय जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणं तो माल एक वर्षाच्या आत परत यायला पाहिजे, नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, म्हणजे टॅक्स आणि वर व्याज. दोन चार नग तिकडं राहून गेले तर एक वर्षानं कुणाच्या ध्यानात राहणार? बाहेर गेलेल्या मालाच्या डब्यावर घड्याळ काढलं, की सॉफ्टवेअरवाल्याला वेगळं सांगायला नको, तिथं मुदतीआधी इशारा पाहिजे हे दिसतंच.

या कागदानं एक भांडणपण मिटलं. मी "लॉट" म्हणतो ते एका चलनावरचा माल, इन्स्पेक्शनवाला "लॉट" म्हणतो ते फाउंड्रीचा एक हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूतनं ओतलेला माल. सॉफ्टवेअरमध्ये रकाना एकच. दोघंही आपापलं भरत होतो!

तोच कागद घेऊन त्याच सॉफ्टवेअरवाल्याकडं गेलो. वाटलं रागावेल, तर म्हणाला, असं काढून आम्हाला कोण देतच नाही. म्हणजे चूक एकट्या त्याची नव्हती, हेही लिहायला पाहिजे.

आपल्या पेपरातनं इथल्या इंजिनियरिंग कॉलेजांना विनंती, की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तेच ते लायब्ररी मॅनेजमेंट करून घेण्यापेक्षा पोरांना आठ दिवस पेन्सिल देऊन उद्यमबागेत, मच्छ्याला पाठवा. आणि मालकांनीपण त्यांना केबिनमध्ये चहा पाजून परत पाठवू नये, मशीनपर्यंत जाऊ द्यावं.

आमच्याकडं ब्लोहोलची स्क्रीन आली, घड्याळ आलं. शाफ्ट सरळ करायचा डबा अजून आलेला नाही, पुढच्या महिन्यात देतो म्हणालेत. तोवर त्याच्यापुरती लाल वही चालू आहे.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव