छत्तिसाव्या दिवशी जायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या भागात नवं व्यसनमुक्ती केंद्र होणार, भूमिपूजन झालं, ही बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. फोटोत एका कुदळीला सात हात लागलेले होते. केंद्र व्हावंच. मी स्वतः अशाच एका केंद्रामुळे जिवंत आहे, त्यामुळे वाकडा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. पण तो फोटो बघून मला आमचं वर्कशॉप आठवलं. मी एसटीत ३१ वर्षं मेकॅनिक होतो. ब्रेकडाऊन झालेली गाडी ओढून आणली, इंजिन उतरवलं, बसवलं आणि ट्रायल न घेता थेट घाटात पाठवली, असं कुणी केलं असतं तर फोरमनने त्याला उभं केलं नसतं. ट्रायल झाली तरी पुढे ठरल्या किलोमीटरला डॉकिंग, म्हणजे गाडी आत घेऊन तपासणी, असतेच. माणसाच्या बाबतीत मात्र इंजिन बसवलं की पेढे वाटून सगळे मोकळे होतात.

२००५ साली घरच्यांनी मला पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. त्याआधी काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. पगाराच्या दिवशी बायको डेपोच्या गेटवर उभी राहायची, एवढ्यावरून ज्यांना समजायचं त्यांना समजेल. एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहितो. दाखल करण्याआधी घरच्यांनी मला तीन दिवस खोलीत कोंडून दारू तोडायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवशी हात इतके कापायला लागले की पाण्याचा तांब्या धरवेना. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरताना दिसायला लागली. भिंतीला आठवड्यापूर्वीच चुना दिलेला, त्यावर मुंगी नाही की काही नाही. आईने देवर्षी आणला, त्याने लिंबू उतरवून टाकलं. पुढे पुण्यात डॉक्टरांनी समजावलं, की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर फिट येते, भास होतात, जीवसुद्धा जातो. ते काम औषधं देऊन, डॉक्टरच्या नजरेखालीच करायचं असतं. माझं लिंबावर भागलं, हे नशीब. अजूनही घरोघरी कोंडून ठेवण्याचा हाच उपाय चालतो म्हणून हे लिहिलं.

मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. पुण्यातली पोरं तेव्हा गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, नादाने संपत चालली होती, आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते काम अंगावर घेतलं. मी गेलो तेव्हा उपचार ३५ दिवसांचे होते. सकाळी योगासनं, मग झाडलोट, गटचर्चा. बायकोसाठी सहचरींचा गट. आयुष्यात पहिल्यांदा मी ३५ दिवस सलग खरं बोललो असेन. निघताना त्यांनी बजावलं, फॉलोअपला या, गावाकडे एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग शोधा. मी मान डोलावली आणि घरी आल्यावर सहाव्या दिवशी प्यायलो.

का प्यायलो, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. भांडण झालं नव्हतं, दुःख नव्हतं, मित्रानेही ओढून नेलं नव्हतं. सहा वाजता ड्यूटी सुटली, हात केरोसीनने धुतले, साबण लावला, गेटच्या बाहेर आलो. सहा ते नऊ काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पायांना माहीत होतं. २० वर्षं ते पाय त्या वेळेला एकाच दारात गेलेले. घरी जाऊन टीव्हीसमोर बसलो असतो तर बायकोने प्रत्येक श्वासाचा वास घेतला असता, आणि तिचंही चूक नव्हतं.

दोन वर्षांनी पुन्हा तिथेच दाखल झालो. या वेळी गावी परतलो तर छत्तिसाव्या दिवशी डेपोच्या गेटवर एक अनोळखी गृहस्थ सायकल धरून उभे होते. कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. मुक्तांगणमधल्या एका जुन्या पेशंटकडून त्यांना माझा निरोप गेला होता. म्हणाले, "मी पण बेवडाच. चला, मीटिंगची वेळ झाली." त्याला आता १८ वर्षं झाली. ते गृहस्थ आज नाहीत, पण ती सायकल आमच्यातल्याच एकाकडे आहे.

मीटिंग म्हणजे काय, हे माहीत नसणाऱ्यांसाठी दोन ओळी. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावी न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामाला गेला होता. काम फिसकटलं. नुकतीच दारू सुटलेली, संध्याकाळ रिकामी, आणि हॉटेलातल्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. त्याने बारमध्ये जाण्याऐवजी फोन फिरवायला घेतले: मला बोलायला कुणीतरी दारूडा द्या. मिळाला तो एक सर्जन. त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस निघालं. भारतात ते १९५७ साली आलं. मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा अमेरिकेचं काही वाटलं नाही, सहा ते नऊ हीच तर माझी अडचण होती.

आमच्या गटाची मीटिंग दर शुक्रवारी साडेसातला, एका शाळेच्या तिसरीच्या वर्गात व्हायची. बाक इतके ठेंगणे की गुडघे छातीला लागायचे. भिंतीवर तेराचा पाढा. शाळेला महिन्याला ३०० रुपये भाडं, ते आम्ही पिशवी फिरवून जमवायचो. बाहेरच्या माणसाचे पैसे आम्हाला चालत नाहीत, असा आमचा दंडक आहे. त्यामुळे देणगी, अनुदान, आमदार फंड यांपैकी काहीच नको असतं. एका पुढाऱ्याने २० खुर्च्या देऊ केल्या होत्या, पाठीवर स्वतःचं नाव घालून. नको म्हटल्यावर ते दुखावले. आम्हाला फक्त दार लागतं, आणि दर शुक्रवारी तेच दार. ज्याला रात्री प्यावंसं वाटतं त्याने जागा बदलल्याचा निरोप शोधत बसावं, असं होत नाही. तो वाटेतच कुठेतरी थांबतो.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळेने वर्ग काढून घेतला. मुलांच्या बाकावर दारूडे बसतात, अशी पालकांची तक्रार होती म्हणे. आम्ही समितीपुढे गेलो. सांगितलं, की जे दारू सोडलेत तेच इथे बसतात, बाकीचे समोरच्या चौकात बसतात आणि त्यांची तक्रार कुणी करत नाही. उपयोग झाला नाही. गंमत अशी, की त्याच समितीतल्या एकाच्या घरातला माणूस आमच्यात मागच्या बाकावर बसायचा. कुणाचा, ते त्या दिवशी सांगितलं असतं तर वर्ग कदाचित परत मिळाला असता. पण आमच्यात बसलेल्याचं नाव बाहेर न्यायचं नाही, ही पहिली अट.

त्यानंतर आम्ही एका देवळाच्या सभामंडपात बसलो. तिथे आरतीची वेळ आणि आमची वेळ एकच. मग एका सभासदाच्या ओळखीने पावसाळ्यात बंद असलेलं रसवंतीगृह मिळालं. चरकाला घुंगरं तशीच बांधलेली, कुणाचा धक्का लागला की वाजायची आणि रडणारा माणूसही हसायचा. हिवाळा सरता सरता रसाचा हंगाम सुरू झाला, तेही गेलं. सध्या एका रिक्षा गॅरेजमध्ये बसतो. शाळेत असताना आम्ही २२ जण यायचो, आता ९. राहिलेले १३ सगळेच पुन्हा प्यायला लागले असं नाही. चौघांचं मला पक्कं माहीत आहे.

मीटिंग हा काही रामबाण नाही, हेही लिहायला हवं. आमच्याकडून एक मोठी चूक झाली. एक तरुण शिक्षक आमच्यात आला, दारू सुटली, वर्षाने पेढेही वाटले. पण दारू सुटल्यावर त्याच्या आतली खिन्नता वर आली. झोप नाही, जेवण नाही. मनोविकारतज्ज्ञाने गोळ्या दिल्या होत्या. आमच्यातल्या दोघा ज्येष्ठांनी त्याला सांगितलं, गोळी म्हणजे नशाच, सोडून दे. मी तिथे होतो आणि गप्प बसलो. त्याने गोळ्या बंद केल्या आणि तीन आठवड्यांनी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला. तो वाचला, आज नोकरीवर आहे, गोळ्या चालू आहेत. तेव्हापासून नवीन माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो: औषधाचं डॉक्टर बघेल, आम्ही नाही. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासात बोलण्यासाठीचा, सरकारी नंबर गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आहे. ही सेवा २०२२ पासून आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तो शिक्षकच दर शुक्रवारी पुसट झालेले आकडे गिरवतो.

माझी मुलगी आरोग्य खात्यात आहे. तिने मला गोव्याच्या 'संगाथ' संस्थेच्या कामाबद्दल सांगितलं. तिथे १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी दारू पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठकांत बोलणं केलं. तीन महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्यातले १०० पैकी ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. ज्यांना नुसती नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात २६. ती माणसं माझ्यासारखी तळाला गेलेली नव्हती, हे खरं. पण मी मुलीला म्हटलं, मग मी तळाला जायच्या आधी आपल्या आरोग्य केंद्रात असं कुणी का नव्हतं? ती म्हणाली, "आबा, आमच्याकडे बसायला जागा नाही." तिथेही पुन्हा खोलीच.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही २०१६ साली तिथे 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखू सोडवण्याचं काम सुरू करावं लागलं, तालुक्याला क्लिनिक आणि गावात शिबिरं घ्यावी लागली. आपल्याकडेही बायाबापड्यांनी मतदान करून आडवी बाटली केली की सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या. दुकान बंद झालं. ज्यांचे पाय सहा वाजता तिकडे वळायचे त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी कुणी बोललं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

म्हणून नव्या केंद्राच्या समितीला माझं एकच म्हणणं आहे. ३० खाटा करा, ४० करा, पण पेशंटला सोडताना त्याच्या हातात औषधाच्या चिठ्ठीबरोबर त्याच्या गावापासून सर्वांत जवळच्या मीटिंगचा वार, वेळ आणि पत्ता द्या, आणि तिथल्या एका माणसाला तो येतोय हे आधी कळवा. यात बांधकाम काही नाही, त्यामुळे फोटो निघणार नाही. नगरपालिकेला विनंती, की संध्याकाळी कुलूप असलेलं एखादं समाजमंदिर, वाचनालयाची मागची खोली, आठवड्यातून दोन तास भाड्याने द्यावी. भाडं आम्ही आगाऊ भरू, झाडून जाऊ.

आणि आपल्याला एक विनंती. आपल्या दैनिकात आजचे कार्यक्रम येतात. प्रवचन, रक्तदान शिबिर, वधूवर मेळावा. त्यातच एक ओळ द्या: दारू सोडू इच्छिणाऱ्यांची मीटिंग, अमुक वेळ, अमुक जागा. घरातली बाई तेवढी ओळ कापून देवाच्या फोटोमागे ठेवते, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात ठेवलेली होती.

हे पत्र मी माझ्यापुरतं लिहिलं आहे, एएच्या वतीने नाही. अशा विषयांवर एएला मत नसतं, आणि वर्तमानपत्रात आम्ही नाव देत नाही. नाव आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडलं आहे, ते कृपया छापू नये.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, कराड

ता. क. : बाक लहान मुलांचे असले तरी चालतील. सवय आहे.