पायलीचा प्रवेश

देसाईगंज (वडसा)
जानेवारी, रात्रीचे दोन

प्रिय गड्या,

तुझं पत्र मिळालं. फोन लावणार होतो, पण तू जे विचारलं ते फोनवर बोलायचं नाही. आज नाटकाचा प्रयोग नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर जागायची सवय लागलेली, त्यामुळे सुट्टीच्या रात्रीही डोळा लागत नाही. घरचे सगळे झोपले आहेत. थंडी मोठी जबर पडून राहिली इकडे. म्हटलं, आता लिहितोच.

तू लिहितोस, पुण्याची नोकरी सोडावी आणि आंधळगावला येऊन बाबांच्या कोशाच्या हातमागावर बसावं. बिस्किटांच्या पुड्यांची चित्रं काढून जीव विटला, आता नफ्यासाठी काम करायचं नाही, मनासाठी करायचं. तुझं हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं. तुझा जीव तुटतो आहे, ते मला कळतं. पण मन एकीकडे आणि नफा दुसरीकडे, अशी वाटणी मला काही पटत नाही गा. का पटत नाही, ते सांगतो. पत्र लांबेल. चहा करून घे.

गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या आपल्या या झाडीपट्टीत नाटक कधी फुकट झालं, सांग बरं? धान कापून, चुरून घरात आलं की गावोगावी मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतीचा पट भरतो, आणि रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो तो पहाटेच बंद होतो. गावातलं मंडळ वडशाला येतं, नाटक कंपनीशी बोलणी करतं, विसार देतं, कनाती ठोकतं, तिकीट लावतं. खुर्चीचं तिकीट वेगळं, जमिनीचं वेगळं. दोन पैसे उरले तर देवळाला, शाळेला, नाहीतर पुढल्या वर्षीच्या नाटकाला. सोयरे येतात, लग्नं जुळतात, बाया चादरी-गोधड्या घेऊन जागा धरतात, लेकरं तिथंच झोपतात. या सगळ्याला पैसा लागतो आणि तो पैसा धानातून येतो. विकलेल्या धानाचे चुकारे वेळेवर झाले की नाटकं जास्त लागतात. अवकाळीनं धान काळं पडलं की मंडळाचे लोक वडशाकडे फिरकत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. तो आकडा मला माझ्या धानाच्या बांधीसाठी जेवढा पाठ आहे, तेवढाच नाटकासाठीही.

म्हणून जमिनीवर बसलेला माणूस पैसे देऊन बसला आहे, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट त्यानंच मला नीट उभं राहायला शिकवलं. ज्यानं कडाक्याच्या थंडीत तिकीट काढलं, त्याच्यासमोर पाठ न केलेलं वाक्य प्रॉम्प्टरच्या भरवशावर बोलायला लाज वाटते. फुकटच्या कार्यक्रमात असं होत नाही. तिथं टाळ्याही फुकट मिळतात.

२०२० आठव. त्या दिवाळीनंतर हंगामच बसला. आमच्यातले किती तरी जण रोजीनं गेले. मीही दुसऱ्याच्या वावरात गेलो, उन्हाळ्यात मोहफुलं वेचली, तेंदूपत्ता केला. तेव्हा काही जण म्हणाले, आता पैशाचा प्रश्नच नाही, तर हौसेखातर करू या. गावाबाहेरच्या मोकळ्या आखरावर आम्ही तालमी धरल्या. आवाज होते, ऑर्गन होता, तबला होता. थोड्याच रात्रीत एकेक जण यायचा बंद झाला. कुणाचं काही बिनसलं नव्हतं. समोर कुणी नव्हतं, एवढंच. ज्याच्यासाठी करायचं तो माणूसच नसला की हौस किती दिवस टिकते, ते मी तेव्हा पाहिलं. मनासाठी करायचं असं तू म्हणतोस, तेव्हा मला त्या तालमी आठवतात.

पण म्हणून मी पैशाच्या बाजूचा झालो, असं समजू नको. आता दुसरी बाजू ऐक.

यंदा माझं नवं नाटक एका कंपनीनं घेतलं. त्यात एक प्रवेश आहे. कास्तकाराची बायको, नवरा गेलेला, आणि सावकाराचा माणूस दारात धान न्यायला आलेला. ती एक शब्द बोलत नाही. धान मापायची पायली घेते, ढिगात खुपसते, हातानं वरचं धान सपाट करते आणि पोत्यात ओतते. तोंडानं फक्त मोजते. पहिल्या पायलीला एक नाही म्हणायचं, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. रंगमंचावर खरं धान, खरी पायली. सगळा ढीग मोजून होईपर्यंत दुसरं काही नाही. माझ्या आयुष्यात मी जे लिहिलं त्यात हे मला सगळ्यात खरं वाटतं. माझ्या आजीला मी असं मोजताना पाहिलं आहे. सपाट करताना तिची करंगळी उचललेली असायची, दाणा सांडू नये म्हणून. तीच करंगळी मी आमच्या नटीला शिकवली.

तालमीत कंपनीचा मालक म्हणाला, हे काढा. रात्री दोन-अडीचला एवढा वेळ स्टेजवर शब्द नाही म्हणजे पब्लिक उठून चहाला जाते. इथं एक डान्स टाकू. मी म्हटलं, इथं डान्स बसत नाही. तो म्हणाला, पब्लिकला काय पाहिजे ते आम्हाला माहीत आहे.

गड्या, माझं दुखणं इथं आहे. हा माणूस वाईट नाही. त्याच्यावर कर्ज आहे, गाडीचा हप्ता आहे, वीस-पंचवीस जणांची नाइट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, त्याला रोजच्या रोज द्यायची असते. पण तो कनातीच्या आत जमिनीवर कधी बसत नाही. तो तिकीट-खिडकीजवळ असतो. प्रेक्षकाच्या वतीनं बोलतो आणि प्रेक्षकाकडे त्याची पाठ असते. मागच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचं डान्सवर चाललं म्हणून यंदा आपल्यालाही डान्स पाहिजे, एवढाच त्याचा हिशोब. नाटकातले डान्स मला वर्ज्य नाहीत, लावणी तर आपल्या रंगभूमीच्या अंगाचीच आहे. पण कुणी न मागितलेली गोष्ट त्यानं मागितली असं सांगून लेखकाच्या हातून काढायची, हे मला सहन होत नाही.

मी अडून बसलो. करारात बदल करायचा हक्क कंपनीचा होता, तरी अडून बसलो. शेवटी असं ठरलं की पहिले काही प्रयोग प्रवेश ठेवायचा.

कुरखेड्याच्या बाजूला एका गावात प्रयोग होता. मी विंगेत उभा. तिनं पायली उचलली. लाभ, दोन, तीन. आधी खुर्च्यांकडून थोडी कुजबुज झाली. मग समोर, अगदी स्टेजला लागून बसलेली एक म्हातारी, डोक्यावरून घोंगडी घेतलेली, तिच्याबरोबर मोजायला लागली. मोठ्यानं नाही, आपल्याशीच. तिच्या शेजारची लागली. मग बायांची ती पूर्ण बाजू. आमची नटी क्षणभर थबकली, पण सुटली नाही, त्यांच्या लयीत हात चालवत राहिली. ऑर्गनवाल्यानं पट्ट्यांवरून बोटं काढून घेतली. ढीग संपला तेव्हा पायली निम्मीच भरली होती आणि त्या निम्म्या पायलीला काय म्हणायचं ते कुणालाच सुचेना. सगळे गप्प. तसं गप्प मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

मालकानं ते तिकीट-खिडकीतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ठीक आहे, राहू द्या, पण खाली थोडं म्युझिक टाका. आणि तुला खोटं का सांगू, त्यापुढच्या गावात माणसं खरंच उठून चहाला गेली. अर्धी खुर्च्यांची बाजू रिकामी झाली. तिथं बाया मागे बसवल्या होत्या, पुढे सगळे पाहुणे आणि पुढारी. म्हणजे हा प्रवेश कुठल्या गावात, कुठं बसलेल्या माणसासाठी आहे, तेही मला तिथं शिकायला मिळालं. आता मी मंडळाच्या पोरांना आधीच सांगतो, बायांना पुढे बसवा. काही ऐकतात.

तर मला जे वाटतं ते असं. नफ्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण मधल्या माणसाशी आहे, जो घेणाऱ्याला न विचारता त्याची आवड ठरवून टाकतो. पुण्यात तुझा जीव कशानं विटला, ते पुन्हा एकदा नीट पाहा. पैसा घेतल्यानं विटला, की ज्याच्यासाठी पुडी रंगवतो तो पोरगा तुला कधी दिसलाच नाही म्हणून? मला वाटतं, दुसरंच कारण खरं आहे. तुझ्या पत्रात पगाराबद्दल एकही तक्रार नाही. तक्रार सगळी त्या बैठकांची आहे, जिथं चौदा जण हिरवा रंग बदला म्हणतात आणि खाणारा एकही नसतो.

आता मागाचं. तुझ्या बाबांना मी जवळून पाहिलं आहे. करवतीसारखे दात असलेल्या त्या करवती किनारीला तीन धोटे चालतात, दोन काठांना आणि एक अंगाला. काठाचं सूत आणि अंगाचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, एकमेकांत अडकवत जायचं तेव्हा कुठं ते दात उठतात. दहावीच्या सुट्टीत मी तुझ्याकडे राहिलो होतो. तुझी आई ओसरीवर कोष उकडून मांडीवर सूत काढायची आणि बाबा आत मागावर. एकदा बाबांनी विणलेलं वीतभर उसवलं. दात एका जागी जरा बोथट झाला होता. मला तर तो दिसलाही नाही. मी विचारलं, व्यापारी इतकं पाहतो का? ते म्हणाले, व्यापारी नाही पाहत, नेसणारी पाहते. पदर हातात घेते तेव्हा बोट तिथंच अडखळते.

त्या माणसानं जन्मभर पैशासाठी विणलं. व्यापाऱ्यानं भाव पाडला की महिनाभर घरात कुरकुर असायची, ती मी ऐकली आहे. तरी नेसणारीचं बोट त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. त्यांच्याइतका कामात बुडालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हौस हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही.

म्हणून म्हणतो, तू ये. जरूर ये. पण नफा नको म्हणत येऊ नको. तसा आलास तर वर्षभरात बचत संपेल, मग तोच व्यापारी दारात उभा राहील, आणि तुला त्याचा भाव घ्यावा लागेल. शिवाय त्यानं सांगितलेला रंगही. यायच्या आधी गिऱ्हाईक शोध. पुण्यात इतकी वर्षं काढलीस, तुझ्या ओळखीत अशा बाया असतील ज्यांना खऱ्या कोशाचा पोत कळतो, जो नवाकोरा असतानाही गुळगुळीत नसतो. त्यांच्याकडे बाबांचं एक लुगडं घेऊन जा. हातात दे. काय म्हणतात ते ऐक. भाव सांग, खरा सांग, लाजू नको. तिघी-चौघींनी आगाऊ पैसे दिले तर माग तुझा. मग कंपनीत राजीनामा दे.

परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण दोघं फोनवर किती बोललो होतो, आठवतं? पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा माणूस. तेव्हा तू म्हणाला होता, बघ, पैशामागे न लागता केलं की असं होतं. मी तेव्हा हो म्हटलं. आज रात्री वाटतं, इतके प्रयोग म्हणजे तितक्या रात्री कुणीतरी तिकीट काढलं. तितक्यांदा एखाद्या गावानं आपल्या धानातला वाटा काढून दिला. कलावंताचा मान यानं कमी होत नाही. मला तर वाढलेला दिसतो.

माझंही सांगून टाकतो. पुढच्या हंगामासाठी मला दोन कंपन्यांनी विचारलं आहे. एक नाइट जास्त देते, पण संहिता त्यांच्या हातात. दुसरी कमी देते आणि लेखकाला विचारल्याशिवाय प्रवेश काढणार नाही असं लिहून द्यायला तयार आहे. घरात पोरीच्या कॉलेजची फी आहे. बायको म्हणाली, जास्तीवाली घे आणि भांड. ती चुकीचं म्हणत नाही, भांडायला मी कमी नाही. पण भांडणात जी ताकद जाते ती लिहिण्यातून जाते, हे मला यंदा कळून चुकलं. मी दुसरीला हो म्हणणार आहे. जो फरक पडेल तो उन्हाळी धान आणि लाखोळीची डाळ भरून काढेल, नाही काढला तर तुझ्याकडे उसने मागेन. तेव्हा नोकरी सोडायची घाई करू नको, हेही एक कारण समज.

पुढल्या महिन्यात आरमोरीच्या बाजूला आमचा प्रयोग आहे, तारीख पक्की झाली की कळवतो. सुट्टी काढून ये. नागपूरहून वडशाला गाड्या आहेत, मी घ्यायला येतो. खुर्चीचं तिकीट काढायचं नाही, जमिनीवर बायांच्या मागे बस आणि पायलीच्या प्रवेशात स्टेजकडे पाहू नको, त्यांच्याकडे पाहा. येताना बाबांचं ते कुंकवी काठाचं लुगडं घेऊन ये, आमच्या नटीला नेसवून एक प्रयोग करायचा आहे. तिला काठ कुठं अडखळतो ते विचारू. आणि आईसाठी इकडचा नवा तांदूळ बांधून ठेवला आहे, तोही तुलाच न्यायचा आहे.

तुझाच,
झाडीतला गडी