पान लागल्यापासून पहिल्या व्हायलपर्यंत

घाटंजी, जि. यवतमाळ
१० जानेवारी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

आपत्कालीन विभागात संशोधन करायचं तू ठरवलंस, फार बरं वाटलं. आपल्या देशात ही शाखा स्वतंत्र विषय म्हणून २००९ मध्ये मान्य झाली, त्यामुळे साध्या प्रश्नांनाही तिथे भरपूर जागा आहे. नव्या औषधाच्या चाचणीमागे लागू नकोस. सर्पदंश घे आणि एकच प्रश्न विचार: वावरात पान लागल्यापासून, म्हणजे साप चावल्यापासून, एएसव्हीची (सापाच्या विषावरच्या औषधाची) पहिली व्हायल, म्हणजे कुपी, सुरू होईपर्यंत वेळ जातो कुठे?

चार घटनांच्या वेळा लिहायच्या: दंश, पहिला सरकारी दवाखाना, पहिली व्हायल, तुमचा विभाग. प्रत्येकीपुढे ‘कोणी सांगितली’ हा रकाना हवाच. नातेवाईक म्हणतात, ‘जेवणं झाल्यावर’; इंटर्न लिहितो साडेआठ, आणि अंदाजाला घड्याळाचं रूप येतं. म्हणून मूळ शब्द लिही, शेजारी ‘अंदाजे’ अशी खूण कर. पहिल्या दवाखान्याने तुमच्याकडे पाठवताना दिलेल्या रेफर चिठ्ठीवर नुसतं ‘एएसव्ही दिले’ असेल, किती व्हायल, किती वाजता, काहीच नसेल, तर त्याच रात्री त्या दवाखान्यात फोन करून विचार. नाहीतर तुमच्याकडची पहिली व्हायल हीच पहिली धरली जाते आणि उशीर खोटाच वाढतो.

रक्त गोठण्याच्या २० मिनिटांच्या चाचणीत सगळ्यात जास्त घोळ होतो. २ मिली ताजं रक्त, काचेची नवी, कोरडी नळी, २० मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली काचेची नळी वापरली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि रुग्णाला नको असताना एएसव्ही जातं. नळ्यांचा वेगळा डबा विभागातच ठेव. पण ‘रक्त गोठलं नाही’ हा अभ्यासात घेण्याचा निकष करू नकोस, बाई! मण्यारचं विष नसांवर जातं, रक्त गोठतं; खाली झोपलेल्या माणसाला रात्री चावतो, खूणही धड दिसत नाही. पोट दुखतं, पापण्या पडतात. असे रुग्ण निकषातूनच गळतील. वाटेत दगावलेलेही तुमच्या रजिस्टरात येत नाहीत, हे निबंधात स्पष्ट लिही.

आता कागद. नैतिक समितीची मंजुरी आल्याशिवाय एकही फॉर्म भरायचा नाही; जुन्या केसपेपरवरचं काम असलं तरी परवानगी लागतेच, फक्त संमती माफ करा असं मागता येतं. रुग्ण बोलू शकत नसेल तर जवळच्या नातेवाइकाची सही घे, शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःला पुन्हा विचार. अर्ज फेब्रुवारीतच टाक. पेरणीला माणसं वावरात उतरली की केसेस वाढतात, आणि तेव्हा मंजुरी हातात नसली तर हंगाम गेला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) विद्यार्थी योजनेत काम दोन महिन्यांचं असतं. ते महिने पावसाळ्यात बसतात का, आधी बघ.

प्रोफॉर्मा, म्हणजे माहिती भरायचा फॉर्म, एका पानाचा कर. पहिले १० फॉर्म कच्चे समज, ते मोजणीत घेऊ नकोस. कोणता रकाना रिकामा राहतो तेवढं बघून दुरुस्त कर. कच्चा प्रोफॉर्मा मला पाठव, इथल्या रेफर चिठ्ठीशी ताडून परत पाठवते.

तुझी,
आई