गाणं कोणाचं?

पुणे,
रविवार

प्रिय माधवी,

तुझं पत्र मिळालं. सायली कॉलेजच्या बँडबरोबर अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' बसवतेय, हे वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले. तिचा गिटार वाजवणारा मित्र म्हणतो त्यात खोटं काही नाही. गाणं मूळ ओटिस रेडिंग या अमेरिकन गायकाचं. त्यानंच लिहिलं आणि १९६५ मध्ये त्यानंच पहिल्यांदा गायलं. पण 'अरीथानं काय, नुसतं गायलं' हे जे तो पुढे म्हणतो, ते मला अजिबात मान्य नाही.

आधी ओटिसचं रेकॉर्ड ऐका. ओटिस जॉर्जियाचा, आणि रेकॉर्ड मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचं. ड्रम आणि ब्रास, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं, दोन्ही सुसाट. त्या गाण्यातला पुरुष बायकोला म्हणतो, सगळे पैसे तुझ्याच हातात देतोय, माझ्या मागे तुला काय करायचं ते कर, पण मी घरी आलो की थोडा मान दे. आवाजात रग आहे, पण आतून तो माणूस गयावया करतोय. मला ते रेकॉर्ड मनापासून आवडतं. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, सर्वसाधारण पॉप यादीत ३५व्या.

अरीथा डेट्रॉइटची. वडील सी. एल. फ्रँकलिन बाप्टिस्ट चर्चचे पाद्री, त्यांची प्रवचनं रेकॉर्डवर निघत आणि खपत. पोरगी चर्चमध्ये गात, पियानो वाजवत वाढली. मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत काही वर्षं गेली, पण तिथे तिच्या आवाजाचं करायचं काय हे कोणाला नीट उमगलं नाही. १९६६च्या शेवटी ती अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे आली. निर्माते जेरी वेक्सलर यांनी एकच शहाणपण केलं: तिला पियानोवर बसवलं आणि तिचं तिला गाऊ दिलं.

'रिस्पेक्ट' न्यूयॉर्कला अटलांटिकच्या स्टुडिओत १४ फेब्रुवारी १९६७ ला रेकॉर्ड झालं. अरीथा तेव्हा २४ वर्षांची. साथीला अलाबामाहून बोलावलेले वादक, पियानोवर ती स्वतः, आणि मागे गायला सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. स्टुडिओत येण्याआधीच अरीथा आणि कॅरोलिन यांनी गाण्याचा बराचसा आराखडा पक्का केलेला होता.

आता या दोघींनी काय केलं ते सायलीला ओळीनिशी ऐकव. ओटिसचा नवरा म्हणतो, माझ्या मागे काय हवं ते कर. अरीथाची बाई म्हणते, तू बाहेर असताना मी तुला दगा देणार नाही. एका ओळीत पारडं फिरलं! आता मागणाऱ्याच्या पदरात खोट नाही. पैसे देण्याची ओळ तिनं ठेवली, पण ती बाईच्या तोंडी आली की पैसे बाईचे होतात. घरी येणारा तो, वाट अडवून उभी ती. ती विनवत नाही, हिशेब मांडते.

मग सॅक्सोफोन. ओटिसच्या गाण्यात मधला तुकडाच नव्हता. इथे किंग कर्टिसच्या सोलोसाठी सॅम अँड डेव्ह या गायक जोडीच्या एका संथ गाण्याची कॉर्ड्स घेतली. सूर एकदम भलत्याच ठिकाणी जातो आणि कडव्यासाठी परत घरी येतो. आणि त्यानंतरच्या कडव्याच्या शेवटी ती जगप्रसिद्ध जागा: वाद्यं थबकतात आणि अरीथा एकेक अक्षर सुटं करून म्हणते, आर-ई-एस-पी-ई-सी-टी. ओटिसच्या रेकॉर्डमध्ये हे कुठेच नाही. बहिणींचं 'सॉक इट टू मी' नाही, आणि 'री, री, री, री' सुद्धा नाही. 'री' हे अरीथाचं घरातलं नाव, बरं का! आज हे गाणं म्हटलं की लोकांच्या ओठांवर जे जे येतं, त्यातलं बहुतेक या बहिणींनी घातलेलं आहे. आपल्याकडे बंदिश कोणाचीही असली तरी गायकीनं ती गवयाची होते असं आपण म्हणतो. इथे तर बंदिशच नव्यानं बांधली गेलीय.

एप्रिलमध्ये रेकॉर्ड निघालं, ३ जूनला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. त्यानंतर लगेच, १७ जूनला, ओटिस कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात गायला आणि लोकांना म्हणाला की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून नेलं, माझी चांगली मैत्रीण आहे ती. आणि मग तेच गाणं जीव तोडून गायला. किती मोठ्या मनाचा माणूस! त्याच डिसेंबरात विमान अपघातात गेला, २६व्या वर्षी.

जुलैमध्ये डेट्रॉइट वांशिक दंगलीत पेटलं. पाच दिवसांत ४३ माणसं मेली. बायको नवऱ्याला जे सांगत होती, ते कृष्णवर्णीय लोक आपल्या देशाला सांगू लागले, आणि स्त्रियांच्या चळवळीनंही ते उचललं. गाणं तेच, समोरचा माणूस तेवढा बदलला. फेब्रुवारी १९६८ मध्ये डेट्रॉइटनं 'अरीथा फ्रँकलिन दिवस' साजरा केला, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग स्वतः मंचावर आले होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांची हत्या झाली.

पण माधवी, मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतात. गाणाऱ्याला एक पैसा नाही. म्हणजे पन्नास वर्षं 'रिस्पेक्ट' जेव्हा जेव्हा रेडिओवर लागलं, तेव्हा रचनाकार म्हणून ओटिसच्या बाजूला रॉयल्टी गेली आणि अरीथाला काही नाही. ओटिसच्या घरच्यांना मिळालं ते हक्काचंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती अक्षरं सुटी करणारीचा काहीच वाटा नाही? लताबाईंनी साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीसाठी रफीसाहेबांशी वाद ओढवून घेतला, दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. त्या का अडून बसल्या असतील, ते अरीथाकडे पाहिलं की कळतं.

१९७२ च्या आधीच्या रेकॉर्डांना डिजिटल प्रसारणाचे पैसे मिळावेत असा कायदा तिथे झाला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये. अरीथा त्याच वर्षी १६ ऑगस्टला गेली होती. साध्या रेडिओचं तर अजून तसंच आहे. २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकानं ५०० सर्वोत्तम गाण्यांत 'रिस्पेक्ट'ला पहिला क्रमांक दिला, पण यादीतल्या मानानं हा हिशेब मिटत नाही.

सायलीला एवढंच सांग, मागच्या दोन आवाजांवाचून हे गाणं उभं करू नकोस. गिटार एक कमी असली तरी चालेल, पण दोन मुली हव्यातच, आणि त्यांनाही माइक मुख्य गायिकेइतकाच चांगला मिळायला हवा. आणि घाई करू देऊ नकोस. अरीथाची लय ओटिसपेक्षा बसकी आहे, पाय रोवून म्हटल्यासारखी.

काकांना माझा नमस्कार सांग. दिवाळीत येतेस ना?

तुझी,
वैशाली