शिडे बाहेर शिवायला दिली, त्याबद्दल

नेरूळ,
14 जून

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नेरूळहून ठाण्याची गाडी थेट मिळते आणि येत्या रविवारी मी येणारच आहे, तरी हे पत्र आधी लिहिते आहे. कारण समोर बसले की बाबा, तुम्ही चहा टाकायला सांगता, विषय बदलता आणि मी गप्प बसते. फोनवर तुम्हाला निम्मे ऐकू येत नाही आणि उरलेले निम्मे आई स्वतःच्या मनाने सांगते. तेव्हा जे सांगायचे ते आधीच लिहून टाकते. होडीची नवीन शिडे मी बाहेर शिवायला दिली आहेत. निम्मी रक्कमही गेल्या मंगळवारी भरली.

एप्रिलमध्ये तुम्ही "जुने शीड समोर ठेवले की झाले, मीच शिवतो" असे म्हणालात, तेव्हा मी "हो, बघू या" असे म्हटले होते. तिथेच स्पष्ट बोलायला हवे होते. नंतर आईकडून कळले की तुम्ही दुकानातल्या जड मशीनचा पट्टा बदलून घेतलात, त्याला तेल घातलेत आणि डोळ्याचे ऑपरेशन तोंडावर असताना जांभळी नाक्यावर जाऊन दोऱ्याची रिळेही आणलीत. त्यानंतर मी तुमचे फोन घाईघाईने आटोपते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

मार्चमध्ये मांडव्याहून परतताना मोठे शीड फाटले, एवढेच मी तुम्हाला सांगितले होते. ते कुठे फाटले, हे सांगितले नव्हते. तुम्ही लावलेल्या ठिगळाला काहीही झालेले नाही. ते आजही त्याच्या जागी घट्ट बसलेले आहे, मात्र त्याच्या कडेने सुईच्या छिद्रांची जी ओळ गेली आहे, तिच्यावरून भोवतालचे कापड पोस्टाची तिकिटे सुटावीत तसे सरळ उसवत गेले. नंतर मी घरी मूळ शिवणींवरून नख ओढून पाहिले, तर दोरा भुशासारखा गळून पडला. हे कापड कडक असते, त्यामुळे टाके त्यात न रुतता वर राहतात आणि उन्हाने सर्वांत आधी दोरा जातो, मग कापड. अकरा पावसाळे तुम्ही ही शिडे जगवलीत, आता ठिगळ धरून ठेवायला खाली कापडच उरलेले नाही. तेव्हा यात तुमच्या हाताला नाव ठेवण्याजोगे काहीही नाही, हे कृपा करून मनाशी पक्के करा.

आता, जुने पाहून नवे का शिवायचे नाही, ते सांगते. जुने शीड गेल्या काही वर्षांत ताणले जाऊन त्याचे पोट, म्हणजे वाऱ्याने फुगणारा भाग, मागे सरकले आहे. नव्या शिडाचे पोट डोलकाठीपासून साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के अंतरावर असते. आपल्या शिडाचे ते पार मागच्या कडेकडे गेले आहे, त्यामुळे वारा होडीला पुढे नेण्याऐवजी आडवी करतो आणि सुकाणू इतके जड होते की दोन्ही हातांनी ओढून धरावे लागते. त्या शिडावरून माप घेतले तर हा दोषही मापात उतरेल. आई, तू ब्लाउजला टक्स घालून सपाट कापडाला गोलाई आणतेस ना, शिडातही तेच करतात. प्रत्येक पट्टीची कड किंचित कमानदार कापतात आणि सरळ कडेला जोडतात, म्हणजे सगळ्या पट्ट्या मिळून पोट तयार होते. ती कमान किती ठेवायची, यातच त्या माणसाची सगळी विद्या असते.

कापडाचेही तसेच आहे. शिडे डेक्रॉनची असतात आणि डेक्रॉन म्हणजे बाबा, तुमच्या भाषेतले टेरिलीनच. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये शोधला गेलेला पॉलिएस्टरचा तोच धागा. पण शिडासाठी ते फार घट्ट विणतात, बाणा, म्हणजे आडवा धागा, शक्य तितका सरळ ठेवतात आणि वर राळ देऊन ते तापवतात, कारण उभ्या-आडव्या धाग्यावर न ताणणारे कापडही उरेब, म्हणजे तिरके, धरले की ताणते, हे तुम्हाला मी काय सांगावे! शिडावरचा मोठा ताण मागच्या कडेने वरपासून खालपर्यंत जातो, म्हणून पट्ट्या अशा बेताने लावतात की बाणा त्या कडेला धरून राहील. ताडपत्रीत हे होणार नाही. शिवाय आपले मशीन सरळ टाका घालते आणि कापड ताणले की सरळ टाका तुटतो. शिडाला नागमोडी शिलाई लागते. आणि साडेआठ मीटर उंचीचे शीड पसरायला जागा कुठे आहे? पूर्वी गच्चीवर पसरले होते, तेव्हा तुम्ही आम्हा सगळ्यांना चपला काढून कडेने चालायला लावले होते आणि तरीही धाकटीने त्यावर पेरूची फोड सांडली होती. तो डाग अजून आहे.

दर तिघांकडून मागवले होते. पहिली कंपनी परदेशी आणि नावाजलेली, तिची शिडे श्रीलंकेतल्या कारखान्यात तयार होतात. काम उत्तम, पण मापे आपणच घेऊन फॉर्ममध्ये भरायची, वर जकात भरायची आणि माप चुकले तर तो दोष आपल्याच पदरात. दुसऱ्याचा दर निम्मा होता. त्याने फक्त शीड किती चौरस फुटांचे आहे एवढेच विचारले आणि कापडाचे वजन विचारल्यावर "एकदम टॉप क्वालिटी, मॅडम" असे उत्तर दिले. गिऱ्हाइकाला एकही प्रश्न न विचारणाऱ्या शिंप्याकडे जाऊ नये, हे तुम्हीच मला शिकवले आहे.

तिसरा गोव्याचा. तो मे महिन्यात, होडी पाण्याबाहेर काढण्यापूर्वी, स्वतः मुंबईला आला. शीड चढवण्याच्या दोरालाच टेप बांधून त्याने तो डोलकाठीच्या टोकापर्यंत नेला, मग डोलकाठीच्या पायाशी बसून, गाल तिला लावून, ती वर कुठे आणि किती वाकते ते एक डोळा मिटून पाहिले, आणि शीड कुठे घासते त्या जागा खडूने लिहून घेतल्या. तुम्ही जाऊन जाऊन कुठवर जाता, दुपारी वायव्येचा वारा चढला की काय करता, बरोबर लहान मूल असते का, असे तो तासभर विचारत होता. शर्यतीची होडी असती तर पातळ फिल्म चिकटवलेले कापड घ्या म्हटले असते, ते आकार चांगला धरते. पण आपल्या दमट हवेत त्याचे थर सुटतात आणि त्यावर बुरशी धरते, तेव्हा साधे विणलेलेच घ्या, असे सांगून त्याने स्वतःचाच फायदा कमी केला. कापड चौरस मीटरला साधारण 240 ग्रॅमचे घेतले आहे. आणि एक सांगायचे राहिले. जुने शीड पाहताना तो तुमच्या ठिगळावर थांबला आणि कोपरे गोल कापणारा हा माणूस कोण, असे त्याने विचारले. चौकोनी कोपरा आधी उचलला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते म्हणाला. मी तुमचे नाव सांगितले.

दोन्ही शिडांचे मिळून 1 लाख 85 हजार झाले. आकडा वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवाल, हे मला दिसते आहे. पण ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा येऊन आमच्याबरोबर होडीवर बसणार आहे, आणि कुठे ओढ असेल तर शीड परत नेऊन पुन्हा कापून देणार आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ट्रायल दिल्याशिवाय कपडा द्यायचा नाही, या तुमच्याच नियमाने मी त्याला निवडले आहे. स्वयंपाकघराचा ओटा आम्ही पुढच्या वर्षावर ढकलला आहे. यांची काही तक्रार नाही, उलट ओट्यावरून होणारा आमचा वाद वर्षभर टळला म्हणून ते खूश आहेत. तुम्ही आईच्या हाती पाठवलेला 50 हजारांचा चेक या पाकिटात परत ठेवला आहे. कृपा करून रागावू नका. तो दुसऱ्या डोळ्यासाठी आणि न्हाणीघरात धरायच्या दांडीसाठी ठेवा.

आई, तुझ्यासाठी वेगळे लिहिते. नवे शीड म्हणजे पोरगी आता आणखी लांब जाणार, असे तू शेजारच्या काकूंना म्हणालीस ते माझ्या कानावर आले आहे. नौदलातले दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये 'म्हादेई' ही शिडाची होडी घेऊन मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून 2010 च्या मेमध्ये परतले, तसे माझ्या मनात काहीही नाही. आमची मजल मांडव्यापर्यंत, फार झाले तर खांदेरीपर्यंत, आणि दिवेलागणीला घरी. खरे तर नव्या शिडाने होडी कमी आडवी होईल, आणि वारा वाढला की शीड आवळून लहान करण्यासाठी त्यावर दोऱ्या बांधायच्या छिद्रांच्या एकाऐवजी दोन ओळी घ्यायला मी मुद्दाम सांगितले आहे. ती दुसरी ओळ तुझ्या नावाची आहे, असे समज. डब्यात थालीपीठ असते, लाइफजॅकेट सगळ्यांच्या अंगावर असते आणि धाकटीच्या जॅकेटाचा पट्टा मी स्वतः ओढून पाहते.

आता दोघांनीही ऐका. बाबा, थेंब दिवसातून चार वेळा म्हणजे चार वेळा. "सकाळी दोनदा घातले" हे चालणार नाही. वाकून काही उचलायचे नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, मशीनवर बसायचे नाही. रिळे परत करायला जांभळी नाक्यावर जाऊ नका, ती मी ठेवून घेते. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी दूध आणायला वॉचमनच्या मुलाला सांगा. आणि शिडाची खोळही मी त्या माणसालाच सांगितली आहे, म्हणजे "निदान खोळ तरी मी शिवतो" असे म्हणून तुम्ही पुन्हा मशीन उघडणार नाही. हे वाचून वाईट वाटेल. मलाही लिहिताना वाटले.

मला मात्र एक वस्तू हवी आहे. भर समुद्रात शीड फाटले तर नवे असो की जुने, हातानेच शिवावे लागते, आणि शीड शिवणारा तिथे नसतो. त्यासाठी होडीवर सुया, मेण लावलेला दोरा आणि तळहातावर घालायचे चामडे ठेवायचे आहे. बाजारात सहसा मिळते ते उजव्या हाताचे. मी चौथीत असताना दुकानात बसून तुमच्या चामड्याने सुई दाबायला गेले आणि ती निसटून बोटात गेली, तेव्हा तुम्ही मला न रागावता दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डाव्या हाताचे लहानसे चामडे कापून आणले होते, त्यात सुईची बूड टेकायला पितळेची चकती बसवली होती. ते आता मला बसणार नाही, पण त्याच्यावरून मोठे बेतता येईल. बेतायचे तुम्ही, कापीन मी, आणि कापड फाटलेले असताना दोन्ही कडा न चुणता जवळ आणणारा तो तिरका टाका मला पुन्हा शिकवा; तो तुम्ही डोळे मिटूनही सांगू शकता.

चामडे माळ्यावर, बिस्किटांच्या निळ्या डब्यात आहे. तुम्ही चढू नका. मी रविवारी दहाच्या गाडीने येते, आल्यावर काढीन.

तुमची,
चिमी