बिलामागे सव्वादोन रुपये

पगार वाढवले तर खाणे महागेल आणि गिऱ्हाईक पळेल, असे फास्ट फूडवाले म्हणतात. हिशेब मांडून पाहू. समजा, अंधेरीतल्या दुकानात 8 कामगार आहेत आणि रोज 300 बिले होतात. प्रत्येकाला महिना 2,000 रुपये वाढ दिली, त्यावर मालकाचे पीएफचे 13 आणि ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) 3.25 टक्के धरले, तर एकूण बोजा 18,600 रुपये. महिन्याची बिले 9,000. म्हणजे बिलामागे 2 रुपये 7 पैसे, 5 टक्के जीएसटीसह सुमारे सव्वादोन. अडीचशेच्या बिलात हे कोणाला जाणवणार? (दुपारी दुकान ओस पडत असेल, तर आकडा अर्थातच वाढेल.)

खरी अडचण पैसे कामगारापर्यंत पोहोचण्याची. सर्व्हिस चार्ज लावून भागणार नाही. तो बिलात सक्तीने घेता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. वाढ मेन्यूच्या दरातच हवी. मात्र अ‍ॅपवरच्या ऑर्डरीत कमिशन टक्क्याने कापले जाते, त्यामुळे तिथे थोडी जास्त धरावी लागेल. कामगार कंत्राटदाराचे असतील, तर वाढ थेट त्यांच्या बँक खात्यात आणि पगारपत्रकावर वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे.

– एक वाचक, दादर