बिअरच्या हॉटेलात सासूबाईंना घेऊन जाता येतं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या प्रवास पुरवणीत मधे हायवेवरच्या खाण्याच्या जागांबद्दल लेख आला होता, मिसळ, थालीपीठ, बटाटेवडे सगळं होतं आणि लेख छानच होता, पण वाचताना सारखं वाटत राहिलं की एका प्रकारच्या जागेचा त्यात उल्लेखच नाही, आणि तो नसणार कारण आपल्याकडे प्रवासात अशी जागा सहसा लागतच नाही. म्हणजे जिथे बिअर तिथल्या तिथे बनते, जेवण मनापासून केलेलं असतं, आणि आजी, नातू, पिणारे, न पिणारे, एखादी पिणारी बाई असे सगळे एकाच टेबलावर मोकळेपणाने बसू शकतात. अशी एक जागा मी अमेरिकेत बघितली आणि त्याबद्दल लिहायचंच असं तेव्हाच ठरवलं होतं.

मुलगा सिएटलला असतो. सप्टेंबरमधे आम्ही तिकडे होतो तेव्हा त्याने गाडी काढली आणि मी, आमचे हे, सासूबाई, सून आणि नातू असे सगळे शेजारच्या ऑरेगन राज्यात निघालो. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, शुद्ध शाकाहारी, आणि ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मला मात्र बिअर आवडते, कधीतरी, एखादा ग्लास. हे मी नाव छापून येणाऱ्या पत्रात सहसा लिहिलं नसतं पण विषयच तो आहे तर लपवून काय करायचं.

याकिमा गाव मागे टाकून ९७ नंबरच्या हायवेने दक्षिणेला निघालं की दोन्ही बाजूंना हॉप्सचे मळे लागतात, हॉप्स म्हणजे ज्याची फुलं बिअरमधे घालतात तो वेल. आम्ही नाशिकचे, त्यामुळे तारांवर चढवलेला वेल दिसला की गाडी थांबवावीशी वाटतेच. पण हे मांडव बघून मान दुखते, अठरा फूट उंच खांब, त्यावर तारा, आणि प्रत्येक तारेला दोरीने वर चढलेला वेल. अमेरिकेतल्या हॉप्सपैकी पाऊण हिस्सा वॉशिंग्टन राज्यात पिकतो आणि त्यातला बहुतेक सगळा ह्या याकिमा खोऱ्यात. सप्टेंबर म्हणजे ऐन तोडणी, अख्खे वेल वरून खालून कापून ट्रकमधे भरून चालले होते आणि हवेत संत्र्याची साल, ओलं गवत, थोडा देवदार असा काहीतरी मिसळलेला वास होता. टॉपेनिश नावाच्या छोट्या गावात तर हॉप्सचं म्युझियम आहे. रस्त्याच्या कडेला पडलेलं एक फळ (फळ म्हणजे खरं तर फूल, हिरवं, पाकळीवर पाकळी असलेलं) नातवाने उचलून आणलं, ते मधून फाडलं तर आत पिवळी चिकट पावडर, तिच्यातच बिअरचा कडवटपणा आणि सुगंध असतो. बोटांचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

पुढे डोंगर चढून उतरून कोलंबिया नदी ओलांडली की ऑरेगन. मग मैलोन्‌मैल वाळलेलं गवत, मधेच लांबवर माउंट हूडचं बर्फ, आणि संध्याकाळी आम्ही बेंड नावाच्या गावात पोचलो. हे गाव पूर्वी लाकडाच्या गिरण्यांवर जगायचं, नदीकाठी जुन्या गिरणीच्या तीन उंच चिमण्या अजून जपून ठेवल्यात. गिरण्यांचे दिवस संपत आले आणि आता गाव ओळखलं जातं ते पर्यटनासाठी आणि बिअरसाठी. १९८८ साली तिथे डेशूट्स नावाची ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याची जागा, एक साधं हॉटेल म्हणून सुरू झाली, आज ती अमेरिकाभर माहीत आहे, आणि तिच्यामागून लाखभर वस्तीच्या त्या गावात एवढ्या ब्रुअऱ्या झाल्या की पर्यटकांना त्यांचा नकाशा देतात. हे होऊ शकलं ह्यामागे कायदा आहे. १९८५ साली ऑरेगनने बिअर बनवणाऱ्याला ती आपल्याच हॉटेलात थेट गिऱ्हाईकाला विकायची परवानगी दिली. त्याआधी मधे घाऊक व्यापारी लागायचाच. छोट्या माणसाला एकाच छपराखाली बनवता, वाढता आणि खायला घालता येऊ लागलं, एवढाच बदल होता.

आम्ही गेलो ती जागा ह्यांपैकी मोठी नव्हे, गल्लीतली एक लहानशी होती. नाव देत नाही, जाहिरात वाटायला नको. हॉटेल शोधता शोधता ती दिसली, बाहेर अंगणात लाकडी बाकं, बाकांखाली लोकांचे कुत्रे झोपलेले, एका कोपऱ्यात मुलं खडूने फरशीवर चित्रं काढतायत. मी म्हटलं इथेच थांबू. हे जरा बिचकले, सासूबाईंना घेऊन बिअरच्या दुकानात कसं जायचं, पण तोपर्यंत एक मुलगी दार धरून उभी होती आणि तिने सगळ्यात आधी सासूबाईंना विचारलं की आत बसायला आवडेल का बाहेर, बाहेर गार वारं सुटतं म्हणून. त्यांना आत भिंतीकडेची पाठ टेकता येईल अशी खुर्ची दिली, गुडघ्यावर घ्यायला ब्लँकेट आणून दिलं. बसल्या बसल्या नातवाला रंगवायचा कागद आला.

आत काय दिसतं तर काचेची भिंत आणि पलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. सगळा कारखाना डोळ्यासमोर. लख्ख उजेड, मोठ्या खिडक्या, आवाज आहे पण बोललेलं ऐकू येतंय. मी बिअर मागितल्यावर पांढऱ्या केसांकडे न बघता माझंसुद्धा ओळखपत्र मागितलं, पासपोर्ट दाखवला, एकवीसचा नियम म्हणजे नियम, मला ते फार आवडलं. मग ती मुलगी म्हणाली पूर्ण ग्लास आत्ताच नका घेऊ, आधी छोटे घ्या, आणि लाकडी फळीवर साधारण सव्वाशे मिलीचे इवलेसे ग्लास आले, फिकट सोनेरीपासून काळ्यापर्यंत रंगांनी लावलेले. प्रत्येकाखाली खडूने नाव. एकात त्याच आठवड्यातले ताजे, न वाळवलेले हॉप्स घातले होते, अशी बिअर वर्षातून फक्त तोडणीच्या दिवसात करता येते कारण ओलं फूल एकदोन दिवसात खराब होतं, आणि खरंच सांगते दुपारी बोटांना जो वास होता तोच त्या ग्लासात होता. काळी पोर्टर होती तिला भाजलेल्या कॉफीची चव, आणि ती चव कॉफीची नसतेच, जव खरपूस भाजल्याची असते.

मुलगा गाडी चालवणार होता. त्याने नुसतं "मी ड्रायव्हर" म्हटलं तर त्याच्यासाठी तिथेच बनवलेलं रूट बिअर आलं, अल्कोहोल अजिबात नाही, तसल्याच जाड काचेच्या मोठ्या ग्लासात, वर फेस, आणि त्याचे पैसे लावले नाहीत. गाडी चालवणाऱ्याला इथे फुकट, एवढंच ती म्हणाली. ह्यांनीही तेच घेतलं. कोणी एकदाही "थोडी तरी घ्या" म्हटलं नाही, का घेत नाही म्हणून विचारलं नाही. आपल्याकडे पार्टीत न पिणाऱ्याचं जे होतं ते सगळ्यांना माहितीये.

जेवणाचं सांगते. सासूबाईंसाठी काय काय चालेल ते सुनेने समजावलं तर ती मुलगी आत जाऊन आचाऱ्याला विचारून आली, की बटाटे वेगळ्या तेलात तळतात पण सूपमधे चिकनचं पाणी आहे तेव्हा ते देऊ नका. हे तिने आपणहून सांगितलं. त्यांनी भाज्यांचा पिझ्झा खाल्ला, त्याच्या पिठात बिअर काढून उरलेला जवाचा चोथा घातलेला असतो. बाकीचा चोथा रोज जवळचा शेतकरी गुरांना नेतो म्हणे. नातवाने टाक्यांकडे बोट दाखवून प्रश्न विचारायला सुरुवात केली तर बिअर बनवणारा ब्रुअर स्वतः बाहेर आला, हात पुसत, आणि एका वाटीत माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, घेऊन आला, सगळ्यांनी चार चार दाणे तोंडात टाकले. तो सांगत होता की जव भिजवायचे, मोड आणायचे, मग वाळवायचे, म्हणजे दाण्यातल्या पिठाची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात, मग ते भरडून साधारण ६५ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवलं की गोड पाणी मिळतं, ते हॉप्स घालून उकळायचं, थंड करून यीस्ट घालायचं. मुलगा सासूबाईंना मराठीत सांगत होता आणि दाणा चावता चावता त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण बाळांना नाचणीचं सत्त्व करतो तसंच की." मुलाने हे इंग्रजीत सांगितल्यावर तो माणूस खुर्ची ओढून बसलाच, नाचणी कशी असते, किती तास भिजवता, मोड किती लांब येऊ देता, उन्हात वाळवता का सावलीत. सासूबाई अगदी खुलून सांगत होत्या. परदेशात त्यांच्याशी कोणीतरी त्यांच्या कामाबद्दल जाणकारासारखं बोलत होतं, आणि ते बिअरच्या हॉटेलात.

आता आपल्याकडचं. नावं घेणार नाही पण आपल्याच राज्यात प्रवासात एका ठिकाणी जेवायला थांबलो होतो, खाली परमिट रूम, वर फॅमिली सेक्शन, मधे काळ्या काचा, आत निळा अंधार. वेटरने ह्यांना विचारलं, "साहेब तुम्हाला काय, मॅडमना कोल्ड्रिंक ना?" आणि मी बिअर सांगितल्यावर शेजारची दोन टेबलं जेवण होईपर्यंत बघत होती. कुठल्या बाईला परत जावंसं वाटेल? आणि फक्त बाईचं नाही, जो पुरुष शांतपणे एक ग्लास घेऊन घरच्यांबरोबर जेवू इच्छितो त्यालाही जागा नाही. आपण पिणं अंधारात ढकललं आणि अंधारात माणूस घाईने आणि जास्त पितो, हे माझं प्रामाणिक मत आहे.

काही वाचक म्हणतील अमेरिकेचं कौतुक पुरे. पण आपल्याकडे हे जमत नाही असं मुळीच नाही. पुण्यात २००९ साली डूलाली ह्या ब्रुअरीने सुरुवात केली, नंतर पुण्यामुंबईत चांगल्या ब्रुअऱ्या झाल्या, कोकम, आंबा घालून केलेल्या बिअर लोक आवडीने पितात. आमच्या नाशिकात तर सुला ह्या वाइन कंपनीने २००५ साली वाइन चाखायची टेस्टिंग रूम उघडली आणि आज तिथे कुटुंबंच्या कुटुंबं जातात, उजेडात बसतात, पिझ्झा खातात, ज्याला नको तो पीत नाही. म्हणजे द्राक्षाला जे जमलं ते जवाला, ज्वारीला, नाचणीला का जमू नये? अडचण ही की अशा जागा महानगरात अडकल्यात, दर शहरी पगाराचे, आणि वातावरण तरुणांचंच. सातारा, सांगली, चिपळूण, धुळे अशा ठिकाणी, जिथे प्रवासी मुक्कामाला थांबतात, तिथे एखादी छोटी, घरगुती अशी जागा का नाही?

हायवेला लागून दारू नको हे मला मान्य आहे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मधे हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितलं (पुढे त्यात सवलती आल्या) ते अपघातांमुळेच, आणि रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची आपली मर्यादा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या ८० पेक्षा कडक आहे ते बरंच आहे. मी म्हणतेय ते गावातल्या, मुक्कामाच्या ठिकाणच्या जागेबद्दल, जिथून माणूस चालत आपल्या लॉजवर जाईल. उत्पादन शुल्क खात्याने लहान गावातल्या लहान ब्रुअरीसाठी परवाना शुल्क परवडेल असं ठेवावं आणि बदल्यात अटी घालाव्यात, खिडक्या उघड्या, वय तपासणं सक्तीचं, छोटा ग्लास मिळालाच पाहिजे, गाडी चालवणाऱ्याला बिनअल्कोहोलचं पेय फुकट. आणि हॉटेलवाल्यांना विनंती, ह्यातल्या बऱ्याच गोष्टींना कुठलाही परवाना लागत नाही. काळ्या काचा काढायला लागत नाही, बाईला काय हवं ते बाईलाच विचारायला लागत नाही, म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकायला खुर्ची द्यायलाही लागत नाही.

तुमच्या वाचकांपैकी कोणाला महाराष्ट्रात किंवा गोव्यात मोठ्या शहराबाहेर अशी जागा माहीत असेल, जिथे तीन पिढ्या घेऊन जाता येतं, तर त्यांनी ह्याच सदरात जरूर कळवावं. दिवाळीनंतर आम्ही कोकणातून गोव्याला गाडीने जाणार आहोत आणि सासूबाई येणार म्हणाल्यात.

आपली एक नियमित वाचक,
नाशिक